वारसा कोणाचा?

महसुली नोंदी तपासण्यात आयुष्य गेल्यामुळे मालकी ठरविणे आम्हांस सोपे वाटे. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यालगत रे बेटावर आर्स-आँ-रे हे लहानसे बंदरगाव आहे. त्याच्याविषयी वाचताना मात्र ती समजूत डळमळली.

तेथील मिठागरे मध्ययुगापासूनची. मीठ न्यायला येणाऱ्या गलबतांना चर्चचे काळे-पांढरे शिखर दुरून वाट दाखवी. भरतीचे पाणी पाटांवाटे मातीच्या उथळ वाफ्यांत फिरवितात, ऊन-वारा ते आटवितात. मग मीठ पिकविणारा तळचे जाड मीठ ओढून घेतो आणि वरची नाजूक साय अलगद वेगळी काढतो. विसाव्या शतकात हा धंदा खालावला. शतकाच्या अखेरीस काही तरुणांनी तो पुन्हा हाती घेतला. दरम्यान १९८८ मध्ये पूल झाला, पर्यटक वाढले, घरे महागली. आता अनेक घरे केवळ सुटीपुरती उघडतात.

गाव देखणे राहिले, यात या घरमालकांचाही वाटा आहे. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु मिठागर कौतुकाने टिकत नाही. वसंतात गाळ उपसला नाही, बांध दुरुस्त केले नाहीत, तर ते हळूहळू बुजते. खरेदीखताने घर मिळते. मिठागराचा वारसा मात्र गाळ उपसणाऱ्याकडेच राहतो. म्हणून त्याच्या मुलांना त्याच गावात परवडणारे घर मिळावे, ही दया नव्हे. वारसा मिरविणाऱ्यांवरचे ते ऋण आहे, असे आम्ही मानतो.