सोपें सांगणें हें हलकें काम नव्हे

पुष्कळांचा असा समज दिसतो कीं, जें भाषण श्रोत्यांस नीट कळत नाहीं तें विद्वत्तेचें, आणि जें सहज कळतें तें हलकें. या समजाचा आपण थोडा विचार करूं.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण घ्या. संस्कृतांतील त्यांचें प्रावीण्य पाहून १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. अवघड शब्दांची त्यांस वाण नव्हती. तरी केडगांवीं पवित्र शास्त्राचें भाषांतर करतांना त्यांनीं खेड्यांतील बायाबापड्यांस समजेल अशी मराठी निवडली, आणि त्या कामासाठीं इब्री व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला. १९२२ सालीं त्या निवर्तल्या. संपूर्ण भाषांतर १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. सोप्या शब्दांमागें केवढे कष्ट असतात हें यावरून दिसून येईल. ज्यास विषय अर्धवट कळला आहे तो मोठ्या शब्दांच्या आड लपूं शकतो. सोपें बोलणाऱ्यास लपावयास जागा नसते.

कोणी म्हणेल, गहन गोष्ट सोपी केली कीं तिच्यांतील कांहीं सत्य गळतें. हें भय खोटें नाहीं. म्हणून सोपें करणें व उणें करणें यांतील भेद ओळखला पाहिजे. शेजारी कोणास म्हणावें, या प्रश्नावर प्रभूनें शोमरोन्याची गोष्ट सांगितली. ती पोरासही समजते, परंतु तींतील कर्तव्य थोरांसही जड जातें. शब्द सोपे झाले, मागणी हलकी झाली नाहीं. उलट, पश्चात्ताप म्हणजे केवळ मनांत वाईट वाटणें असें सांगून जो जक्कयाची चौपट परतफेड गाळतो, तो सत्य उणें करतो.

आणखी एक गोष्ट आहे. न कळलेल्या शब्दांपुढें गरीब मनुष्य लाजेनें मान डोलावतो. सावकाराच्या कागदावर तो अंगठा उठवितो तोही असाच. ज्यास कळलें तोच उलट प्रश्न विचारूं शकतो, पारखून घेऊं शकतो, नाहीं म्हणूं शकतो. म्हणून सोपें सांगणें हा भाषेचा अलंकार नसून शेजाऱ्याचा हक्क आहे, असें आम्ही समजतों.

उपदेशक बंधूंनो, उपासना आटोपल्यावर एखाद्या म्हाताऱ्या बाईस विचारावें, "आजी, आज काय ऐकलें?" तिनें आपल्या शब्दांत तें सांगितलें तर काम साधलें. न सांगितल्यास तिच्या बुद्धीस दोष न देतां, घरीं जाऊन तोच पाठ पुन्हां उघडावा.