पुस्तकाला त्याचा वाचक

हवे असलेले पुस्तक शोधून काढणे आणि आपल्याला हवे आहे हेही ठाऊक नसलेले पुस्तक हाती पडणे, या दोन अगदी निरनिराळ्या घटना आहेत. पहिलीसाठी लेखकाचे किंवा पुस्तकाचे नाव पुरते. दुसरीला योगायोग म्हटले जाते आणि विचार तेथेच थांबतो. वस्तुतः हा योगायोग घडावा म्हणून कोणीतरी आधी पुष्कळ खपलेले असते, कोणते पुस्तक कोणाच्या शेजारी ठेवायचे हे ठरवून गेलेले असते. ग्रंथालयशास्त्रात या कामाला वर्गीकरण म्हणतात. मराठी वाचनसंस्कृतीच्या चर्चेत लेखक येतात, प्रकाशक येतात, संमेलनेही येतात. परंतु हे काम क्वचितच येते, आणि त्याची किंमत ललितेतर मराठी पुस्तकांनी फार मोजली आहे.

अमेरिकेतील ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले. तोपर्यंत बहुतेक ग्रंथालयांत पुस्तकावरचा क्रमांक कपाटातील ठरावीक जागेचा असे. ड्यूई यांच्या पद्धतीत तो विषयाचा झाला, त्यामुळे उद्या येणारे नवे पुस्तकही आपसूक सगोत्रांच्या रांगेत जाऊन बसू लागले. ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग, प्रत्येकाचे दहा विभाग आणि त्यांचे पुन्हा दहा उपविभाग, अशी ही रचना जगभर पसरली, आणि तिच्या जन्मस्थानाचे पूर्वग्रहही तिच्याबरोबर पसरले. इंग्रजी साहित्याला ८२० पासूनचे दहा आकडे सलग मिळाले, तर मराठी साहित्य ८९१.४६ या अपूर्णांकात बसवले गेले. धर्माच्या २०० या वर्गात ख्रिस्ती धर्माने बहुतेक जागा व्यापली आणि उरलेल्या जगाच्या सर्व धर्मांना २९० पासूनच्या आकड्यांत दाटीवाटीने राहावे लागले.

त्याहून मूलभूत अडचण अशी की, एका पुस्तकाला रांगेत एकच जागा मिळते आणि विषय मात्र अनेक रांगांत पांगलेला असतो. ऊस हा विषय घेतला तर त्याची लागवड ६३३.६१ येथे, साखरनिर्मिती ६६४.१ येथे, सहकारी संस्थांचे अर्थकारण ३३४ येथे आणि ऊसतोड कामगारांच्या श्रमाचा प्रश्न ३३१ येथे जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांमागचे वैद्यकशास्त्र समजून घ्यायचे असेल तर ६१८ पर्यंत जावे लागते, आणि याच जीवनावरची कादंबरी ८९१.४६३ येथे उभी असते. शेतीच्या कपाटापाशी थांबणाऱ्या वाचकाला एवढेच वाटते की ऊस म्हणजे बेणे, खत आणि पाणी. ड्यूई यांना ही पांगापांग ठाऊक होती. म्हणून त्यांनी तक्त्यांना सापेक्ष निर्देशी, म्हणजे एकाच विषयाच्या ठिकठिकाणच्या जागा एकत्र दाखवणारी अकारविल्हे यादी जोडली.

या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार केला तो शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. मूळचे गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि १९३३ साली त्यांचे द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झाले. विषयाला तयार खणात कोंबण्याऐवजी त्याचे घटक सुटे करून पुन्हा जोडावेत, हे त्याचे तत्त्व होते. ते घटक कोणत्या जातीचे असतात, याचा उलगडा त्यांनी पुढे पाच मूलकोटींत केला: व्यक्तित्व, म्हणजे ज्याविषयी बोलायचे ती मुख्य गोष्ट, द्रव्य, ऊर्जा, म्हणजे तिच्यावर घडणारी क्रिया, स्थळ आणि काळ. रांगेतील शेजाराविषयीही त्यांनी एक फार सुंदर कल्पना मांडली. वाचकाच्या विषयाची पुस्तके मध्यभागी असावीत, ती प्रच्छाया. दोन्ही बाजूंना हळूहळू विरळ होत जाणारी संबंधित विषयांची उपच्छाया असावी. आणि त्यापलीकडे परके विषय सुरू व्हावेत. नवे पुस्तक सापडते ते बहुतेक वेळा या उपच्छायेत, कारण तेथे ओळख पुरती सुटलेली नसते आणि नवलाई सुरू झालेली असते.

१९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यांतील दुसरा प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे असे सांगतो, तर तिसरा प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असे सांगतो. दुसऱ्याची थोडीफार जपणूक सर्वत्र होते. तिसरा उपेक्षित राहिला आहे. त्यासाठी रंगनाथन यांनी मुक्तद्वार पद्धतीचा, म्हणजे वाचकाला थेट कपाटांपर्यंत जाऊ देण्याचा, आग्रह धरला होता.

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे अनुदानित ग्रंथालये हजारोंच्या संख्येने उभी राहिली, हे मोठेच काम झाले. तथापि त्यांतील अनेक ठिकाणी वाचक आजही टेबलाच्या अलीकडे उभा राहतो, पुस्तकाचे नाव सांगतो आणि कर्मचारी आतून ते आणून देतो. पुस्तके कादंबरी, कथा, चरित्र, प्रवासवर्णन अशा वाङ्मयप्रकारांनुसार लागतात आणि यांत न बसणारे सारे ‘संकीर्ण’ या चिठ्ठीखाली दाखल क्रमांकाने रचले जाते. तेथे विहिरींवरच्या पुस्तकाशेजारी जिवाणूंवरचे आणि त्याला लागून नाण्यांवरचे पुस्तक येते. प्रच्छाया नाही, उपच्छायाही नाही, सगळाच परका मुलूख. पुस्तके हरवतात आणि कर्मचारी अपुरे आहेत, ही कारणे खरी आहेत. पण ज्या पुस्तकाचे नाव कोणी ऐकलेलेच नाही, ते या व्यवस्थेत कोणी मागणारच नाही.

हे काम आता ऑनलाइन दुकानांच्या शिफारशी करतील, असे मानले जाते. त्यांची मुख्य पद्धत ज्यांनी हे घेतले त्यांनी आणखी काय घेतले, याची गणना करण्याची आहे. भरपूर खपणाऱ्या पुस्तकांबाबत ती उत्तम चालते. परंतु जे अद्याप कोणीच घेतलेले नाही त्याच्याकडे नेणारा दुवाच या गणनेत तयार होत नाही, आणि अल्प आवृत्तीच्या मराठी वैचारिक पुस्तकांची स्थिती बहुशः हीच असते. विषयवार रांगेत मात्र एकदाही न उघडलेल्या पुस्तकाला हजारदा वाचलेल्या पुस्तकाइतकीच जागा मिळते. हा न्याय साधा वाटला, तरी दुसरीकडे तो कोठेही मिळत नाही.

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित मराठी पुस्तकांची सूची सिद्ध करून प्रसिद्ध केली, तेव्हा शतकाहून अधिक काळाचे मराठी मुद्रित ज्ञान प्रथमच विषयवार एका जागी दिसले. अशा सूचीतून मराठीत काय लिहिले गेले हे जसे कळते, तसेच कोणत्या विषयाचे पान ओस पडले आहे हेही कळते, आणि पुढच्या लेखकाला त्याचा विषय तेथूनच मिळू शकतो. तालुक्याच्या ग्रंथालयाला एवढा पल्ला गाठण्याची गरज नाही. शेतीच्या फळीवर उसापाशी एक पुठ्ठा लावून त्यावर ६६४.१, ३३४, ३३१, ६१८ आणि ८९१.४६३ येथेही पाहावे असे हाताने लिहिता येते, आणि त्या कपाटांपर्यंत वाचकाला जाऊ देता येते.