आम्ही काय पगार घेतो?

रविवारच्या शाळेत शिकवणारे, गायनमंडळ बसवणारे, तरुण संघाचा हिशेब ठेवणारे, असे आपण पुष्कळजण मोबदल्यावाचून काम करणारे लोक आहोत. कामात कसूर झाली आणि कोणी विचारले, तर एक उत्तर आपल्या ओठावर तयार असते : ‘आम्ही काय पगार घेतो?’ हे उत्तर आम्हीही दिले आहे. ते कोठे दिले आणि कोणाला दिले, हे सांगितल्यावाचून या प्रश्नाचा विचार करणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

इंदूरला आमच्या मंडळीच्या आवारात बास्केटबॉलचे एक जुने सिमेंटचे मैदान आहे. एका कडीला जाळी आहे, दुसरीची केव्हाच गळून गेली. तेथे तेरा वर्षांखालील मुलांचा एक संघ मंगळवार, गुरुवार, शनिवार असा सायंकाळी खेळतो. त्यांना शिकवणारा कॉलेजातला तरुण नोकरीनिमित्त पुण्याला गेला, तेव्हा पाळकसाहेबांनी उपासनेनंतर आम्हांला गाठले. आमची पंचेचाळिशी उलटलेली, उजवा गुडघा दुखरा. शाळेत असताना व्हॉलीबॉल खेळलो तेवढाच मैदानाशी संबंध. तरी होकार दिला. मुलांच्या प्रेमाने दिला असे म्हणावयास आवडले असते. पण खरे म्हणजे त्या वेळी चार माणसे ऐकत उभी होती.

पहिल्या आठवड्यातच कळले की खेळाचे नियम आमच्यापेक्षा मुलांनाच अधिक ठाऊक. चेंडू न टप्पवता पावले टाकली की ती ओरडत, ‘सर, ट्रॅव्हलिंग!’ आणि आम्ही शिट्टी मागाहून वाजवत असू. धावत जाऊन दोन पावलांत चेंडू कडीत सोडायचा, त्याला ले-अप म्हणतात. तो करून दाखवताना चेंडू कडीच्या खालच्या अंगाला आपटून आमच्या कपाळावर आला. मुले मनमुराद हसली. त्यानंतर आम्ही बारावीत शिकणाऱ्या एका खेळाडू मुलीला शनिवारी बोलावू लागलो. ती ‘उजवा, डावा, वर’ असे मोजून शिकवी आणि आम्हीही मुलांच्या रांगेत शेवटी उभे राहत असू. येथवर आम्हांला लाज वाटण्याजोगे काही घडले नव्हते. येत नाही ते येत नाही म्हणून सांगितले, ज्याला येते त्याला विचारले.

त्या दिवसांत आम्ही या खेळाचा जन्म कसा झाला ते वाचून काढले. डॉ. जेम्स नेस्मिथ हा कॅनडाचा मनुष्य. मॉन्ट्रियलच्या प्रेस्बिटेरियन कॉलेजात ईश्वरविज्ञान शिकलेला. (त्याच कॅनडातील प्रेस्बिटेरियन मंडळीने १८७७ पासून आमच्या इंदुरात मिशनचे काम केले, म्हणून त्याच्याविषयी अंमळ घरोबा वाटला.) अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण शाळेत एक दांडगा वर्ग दोन शिक्षकांनी हात टेकल्यावर त्याच्या वाट्याला आला. हिवाळ्यात घरात खेळता येईल असा खेळ त्याला हवा होता. डिसेंबर १८९१ मध्ये त्याने व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि अठरा विद्यार्थ्यांचे नऊ-नऊ असे दोन संघ केले. टोपली दहा फुटांवर होती. आज कडी ३.०५ मीटरवर असते, ती तेवढीच उंची. ज्याच्या हाती चेंडू त्याने धावावयाचे नाही, हा त्याचा मूळ नियम. पुढे तो कॅन्सस विद्यापीठाच्या संघाचा पहिला प्रशिक्षक झाला. तेथे १८९८ ते १९०७ या काळात त्याचा संघ ५५ सामने जिंकला आणि ६० हरला. त्या विद्यापीठात जिंकण्यापेक्षा अधिक हरलेला पुरुष संघाचा प्रशिक्षक आजवर हा एकच, आणि खेळ शोधून काढणारा तोच!

हे वाचून आम्हांला फार बरे वाटले. जरा जास्तच बरे वाटले. ज्याने खेळ निर्माण केला त्याची ही गत, तर आमच्यासारख्या हौशी माणसाने मनाला किती लावून घ्यावे, असा एक सैलपणा आमच्यात शिरला. साडेपाचला यावयाचे ते आम्ही पावणेसहाला येऊ लागलो. मैदानाच्या फाटकाची किल्ली आमच्यापाशीच असे.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी कचेरीत हिशेबतपासनीस आले. आम्ही एका वकिलांकडे कारकून आहोत. सात वाजून गेले तरी उठता आले नाही. खिशात मोबाइल होता, पालकांचे नंबर त्यात होते, एक ओळ पाठवावयास अर्धे मिनिट लागले असते. ते आम्हांला सुचले नाही. अकरा मुले बंद फाटकाबाहेर रहदारीच्या रस्त्याला लागून उभी राहिली. एकेक करून घरी गेली. सर्वांत धाकटा, दहा वर्षांचा, तेवढा थांबला. ‘सर येतील’ म्हणून थांबला. त्याची आई परिचारिका, तिची दुपारपाळी. पावणेआठला त्याची आजी शोधत आली तेव्हा तो अंधारात पायरीवर बसला होता.

शनिवारी आजी मैदानावर आल्या. आवाज न चढवता त्यांनी विचारले, ‘‘मास्तर, गुरुवारी काय झालं होतं?’’ आमच्या मागे मुले उभी होती. चूक आपली आहे हे माहीत असलेला मनुष्य जितका चिडतो, तितका दुसरा कोणी चिडत नाही. आम्ही म्हणालो, ‘‘आजी, कचेरी सांभाळून येतो आम्ही. आम्ही काय पगार घेतो?’’

त्या म्हणाल्या, ‘‘पगार नाही घेत, खरं आहे. पण पोराची संध्याकाळ घेता ना? ती आम्ही तुमच्या नावानं बाजूला काढून ठेवतो.’’ पिशवीतून नातवाची पाण्याची बाटली काढून त्यांनी कठड्यावर ठेवली आणि त्या गेल्या.

या बोलण्याने आम्हांला आमच्याच कचेरीतल्या एका पुस्तकाची आठवण झाली. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात दुसऱ्याची वस्तू ठेवून घेणाऱ्याचे कर्तव्य सांगितले आहे. कलम १५१ असे की, साधारण शहाणा मनुष्य तशाच परिस्थितीत स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी ठेवीची घेतली पाहिजे. आणि हे सर्व प्रकारच्या ठेवींना लागू आहे. शेजाऱ्याने गावाला जाताना ट्रंक आपल्या घरी ठेवली आणि आपण तिचे भाडे घेतले नाही, म्हणून ती पावसात राहू द्यावयाची मोकळीक हा कायदा देत नाही. कितीतरी वर्षे आम्ही हे कलम टंकलिखित करीत आलो होतो. ट्रंकेच्या बाबतीत जे उघड आहे, ते दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत आम्हांला एका म्हातारीने सांगावे लागले.

कोणी म्हणेल, असा काटेकोरपणा धरला तर पुढे यावयाला कोण तयार होईल? ही शंका पोकळ नाही. मंडळीत, शाळेत, वस्तीत कामाला माणसे मिळत नाहीत, आणि जी मिळतात त्यांना टोचून बोलण्यात आपण तरबेज असतो. तथापि येथे दोन गोष्टींची गल्लत होते. आमचा संघ हरला, आमचे शिकवणे कच्चे, आमचा गुडघा वळत नाही, या गोष्टींबद्दल आजींनी एका शब्दाने विचारले नव्हते. पाळकसाहेबांनी आम्हांला नेमले ते आमचा कच्चेपणा पाहूनच. वेळेवर येणे, येता येत नसेल तर कळवणे, शेवटचे मूल घरी जाईपर्यंत थांबणे, यांना बास्केटबॉल यावे लागत नाही. जे कौशल्य आमच्यात नव्हते त्याची माफी आम्हांला मिळालेलीच होती. ती आम्ही जे सहज करू शकत होतो त्यावरही पसरून घेतली.

प्रेषित पौलाने करिंथ येथे तंबू शिवून पोट भरले आणि तेथल्या मंडळीकडून वेतन घेण्याचे नाकारले, हे आपणांस ठाऊक आहे. त्यावर आम्ही उपदेशही केलेला आहे, आणि त्यात पौलाचा स्वाभिमान वाखाणला आहे. परंतु वेतन सोडल्याने आपल्यावरचे कारभारीपण सुटले असे पौल कोठेही धरीत नाही, हे त्या उपदेशात आम्ही सांगितले नव्हते.

आता दुसरी गोष्ट. ती कोणी बोलून दाखवली नाही, म्हणून ती अधिक अवघड.

डिसेंबरात वस्तीवस्तीतल्या संघांची स्पर्धा झाली. हरला तो बाहेर, अशी. दहा मिनिटांचे चार डाव, मैदानात पाचजण. म्हणजे एका सामन्यात वाटावयाला दोनशे मिनिटे असतात. आमची मुले बारा. सारखी वाटली असती तर प्रत्येकाला सोळा-सतरा मिनिटे आली असती. आम्ही जवळजवळ सारी मिनिटे पाचसहा मुलांना दिली. तो धाकटा एकही दिवस न चुकवता आलेला होता. त्याला शेवटची दोन मिनिटे मिळाली, आणि तीही आपण बावीस गुणांनी मागे आहोत, आता काही बिघडत नाही, असे पाहून दिली. तो जीव तोडून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला. चेंडूला त्याचा हात लागला नाही.

त्याची आई पाळी बदलून सामना पाहावयास आली होती. संपल्यावर ती जवळ आली. आम्ही उत्तर जुळवू लागलो. ती म्हणाली, ‘‘सर, तुम्ही मुलांसाठी केवढं करता! आजकाल कोण करतं?’’

आजींच्या प्रश्नापेक्षा हे आभार आम्हांला जड गेले. आम्ही फी घेत असतो, तर ‘माझ्या मुलाला दोनच मिनिटे का?’ असे तिने निःसंकोच विचारले असते. फुकट दिलेल्या वस्तूत खोट काढू नये, अशी आपल्याकडे रीत आहे, आणि ती चांगली रीत आहे. पण तिच्या आडोशाला देणारा उभा राहिला की घेणाऱ्याचे तोंड बंद होते. पगारी माणसाला मालक विचारतो, पालक विचारतात. बिनपगारी माणसाच्या गळ्यात वर्षाच्या शेवटी हार पडतो.

जानेवारीत आम्ही पालकांना बोलावले. यापुढे सरावाला नियमित येणाऱ्या प्रत्येक मुलाला सामन्यात निदान एका डावाइतका वेळ मिळेल, असे सांगितले. फाटकाची दुसरी किल्ली त्या बारावीच्या मुलीच्या घरी ठेवली. आणि गुरुवारच्या त्या प्रकाराबद्दल आजींची सर्वांसमोर क्षमा मागितली. त्यांना ते फारसे आवडले नसावे, त्या पदर सारखा करीत बाहेर पाहत राहिल्या.

आमच्या सर्वांत चांगल्या खेळाडूचे वडील मात्र उठून उभे राहिले. त्यांचा मुलगा शाळेअगोदर पहाटे एकटा येऊन शंभर-शंभर वेळा चेंडू कडीत टाकतो. ते म्हणाले, ‘‘त्याची मिनिटं कापून तुम्ही दुसऱ्याला देणार. त्याची मेहनत कुठं गेली? फुकट शिकवता म्हणून त्याचं नुकसान करायचा हक्क तुम्हाला मिळाला का?’’

त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. त्या मुलाची पहाटही कोणीतरी आमच्या नावाने बाजूला काढून ठेवलीच आहे. मोठ्यांच्या संघात त्यांचे म्हणणे आम्ही मान्य केले असते. बाराव्या वर्षी मात्र कोणाचे हात पुढे कसे होतील हे आम्हांला सांगता येत नाही, आणि बाकावर बसवून ते कळणारही नाही, असे आम्ही म्हणालो. त्यांचे समाधान झाले नाही. आमचेही पुरते झालेले नाही. पण त्या दिवशी ‘आम्ही काय पगार घेतो’ हे शब्द ओठावर आले नाहीत, आणि कोणीतरी तोंडावर विचारले याचे बरेच वाटले.

नव्या पद्धतीने खेळलेला पहिला सामना आम्ही सहा गुणांनी हरलो. त्यांचा मुलगा अजून येतो. ते स्वतः आत येत नाहीत. फाटकाबाहेर स्कूटरवर बसून पाहतात. गेल्या शनिवारी धाकट्याने डाव्या हाताने चेंडू टप्पवत नेऊन त्यांच्याच मुलाला दिला, आणि त्याने तो कडीत टाकला. आम्ही वळून पाहिले, तर स्कूटरवरचे गृहस्थ मोबाइलमध्ये मान घालून बसले होते. पाहिले की नाही, कोण जाणे. आजी कठड्याशी बसून मटार सोलत होत्या. आम्ही त्या दिवशी पाच वाजून वीस मिनिटांनी आलो होतो, आणि त्या आमच्याही आधी.