बरे झालेल्याचे घर

क्षयरोग्यांसाठी बांधलेली आरोग्यधामे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकामागून एक ओस पडली. कुष्ठरुग्णांच्या वसाहती मात्र औषध हाती आल्यानंतरही कित्येक वर्षे भरलेल्याच राहिल्या. खरे तर दोन्ही रोगांचे जंतू एकाच कुळातले आहेत. कुष्ठाचा जंतू हॅन्सनने १८७३ मध्ये पाहिला, क्षयाचा कॉखने १८८२ मध्ये. दोन्हींवर गुणकारी औषधेही १९४० च्या दशकातच आली. तरी एक वास्तू रिकामी होते आणि दुसरी होत नाही, याचा उलगडा केवळ वैद्यकातून होत नाही. रोगी कोणाचा आणि बरा झाल्यावर त्याने जायचे कुठे, हा प्रश्न धर्माचा आणि नीतीचा आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलपट्ट्यातल्या दोन जिल्ह्यांत त्याची उत्तरे ग्रंथांत मिळत नाहीत, ती वस्त्यांत पाहावी लागतात.

जुन्या धर्मग्रंथांनी या दोन रोगांत फारसा फरक केलेला नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पूर्वपातकांच्या खुणा सांगितल्या आहेत. तिथे ब्रह्महत्येचे फळ म्हणून क्षय येतो आणि गुरुपत्नीगमनाचे फळ म्हणून त्वचेचा रोग. चरकसंहितेत राजयक्ष्म्याची कथा आहे: दक्षाच्या मुली चंद्राला दिलेल्या, त्याचा जीव मात्र एकट्या रोहिणीवर, म्हणून सासऱ्याच्या कोपाने तो झिजू लागला. पण चरक कथेपाशी थांबत नाही. तो चार कारणे मोजतो: झेपण्यापलीकडचे कष्ट, मलमूत्रादी वेग अडवून धरणे, शरीरातल्या धातूंची झीज आणि वेडेवाकडे खाणे. ही चारही कारणे रोग्याच्या देहातली आणि दिनक्रमातली आहेत. कुष्ठाच्या बाबतीत मात्र तोच चरक विरुद्ध आहाराबरोबर पापाचरण आणि गुरुजनांचा अवमान ही कारणेही देतो. आजाराला पापाची पावती ठरवले, की शेजाऱ्याची जबाबदारी संपते, आणि कर्मविपाकाच्या या समजुतीचा खरा दोष तोच आहे. देवाच्या न्यायात आपण ढवळाढवळ कशाला करावी, असे म्हणायला माणूस मोकळा होतो.

क्षयाचा डाग त्या मानाने लवकर फिका झाला. हा रोग छातीत लपून राहतो आणि तो श्रीमंतांच्या घरांतही शिरत असे. मुलीच्या लग्नाच्या वेळी तो दडवला जाई, आजही दडवला जातो, पण बरा झालेला माणूस चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. कुष्ठाने बोटे झिजतात, नाक बसते. जंतू मेले तरी या खुणा राहतात.

क्षयाच्या आरोग्यधामांची परंपरा जर्मन वैद्य हर्मान ब्रेमर याने १८५४ मध्ये ग्योर्बर्सडॉर्फ येथे सुरू केली. औषध नव्हते. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती आणि भरपूर दूध, अंडी, लोणी हाच उपचार. भारतात भोवालीचे आरोग्यधाम १९१२ चे. महाराष्ट्रात पाचगणीचे बेल-एअर आणि मिरजेजवळचे वानलेसवाडी ही नावे घरोघर माहीत होती. लांब व्हरांड्यात खाटांची रांग, सकाळ-संध्याकाळ तापाची नोंद, आठवड्याला वजन, आणि महिनोन्‌महिने घराबाहेर राहणे. हा वनवासच होता, पण परतीची आशा असलेला. घरी खाट राखून ठेवलेली असे.

स्ट्रेप्टोमायसिन १९४४ मध्ये आले, आयसोनियाझिड १९५२ मध्ये. मग १९५६ मध्ये मद्रासला वॉलेस फॉक्स यांच्या देखरेखीखाली एक प्रयोग सुरू झाला. १९३ गरीब रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले: एक आरोग्यधामात, दुसरा शहरातल्या स्वतःच्या दाटीवाटीच्या घरात. औषधे दोघांना सारखीच. वर्षअखेर आरोग्यधामातल्या ९२ टक्के आणि घरातल्या ८६ टक्के रुग्णांचा रोग शमला होता. घरी राहिलेल्यांच्या कुटुंबांत लागणही अधिक झाली नाही. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि खाटेचे प्रयोजनच उरले नाही. १९६२ पासूनचा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम जिल्हा केंद्र आणि घरगुती उपचार यांवर उभा राहिला. काही आरोग्यधामे छातीच्या विकारांची रुग्णालये झाली, काही बंद पडली.

हे ओसाडपण चांगलेच म्हणायला हवे, कारण माणसे घरी गेल्यामुळे ते आले. मात्र त्यात एक गोष्ट हातची गेली. गोळी घरी पोचली, दूध आणि अंडे पोचले नाही. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ही चूक आकड्यांत दाखवली: रुग्णाच्या घरातल्या माणसांना पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यातले नवे क्षयरोगी सुमारे ४० टक्क्यांनी घटले.

कुष्ठरुग्णाला परतायला घरच नव्हते. १८९८ च्या कायद्याने निर्धन कुष्ठरुग्णांना पकडून आश्रमात डांबण्याची मुभा दिली होती. त्याविरुद्ध विदर्भात वेगळी वाट पडू लागली. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये काम सुरू केले. सेवाग्रामला संस्कृत पंडित परचुरे शास्त्री आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ जागा दिली आणि स्वतः त्यांची मालिश केली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याचे वकील मुरलीधर देविदास ऊर्फ बाबा आमटे यांना भर पावसात गटाराकडेला पडलेला तुळशीराम हा कुष्ठरुग्ण दिसला आणि ते घाबरून पळाले. ती भीती त्यांना सोसवेना. ते परत फिरले, त्याची शुश्रूषा केली. पुढे कलकत्त्याला त्यांनी कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते वरोऱ्याजवळ आनंदवन या वसाहतीचा आरंभ झाला, तेव्हा हाताशी सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये होते. जमीन खडकाळ, झुडपांनी भरलेली. पाण्यासाठी आधी विहीर खणावी लागली. बोटे नसलेल्या हातांनी पिकवलेली भाजी घ्यायला वरोऱ्याचे लोक सुरुवातीला धजत नसत.

बाबा आमट्यांनी भिक्षेऐवजी श्रमाला मध्यभागी ठेवले. शेती, विणकाम, सुतारकी, पत्र्याचे डबे असे उद्योग उभे राहिले. १९६४ मध्ये आनंदवनात महाविद्यालय निघाले आणि निरोगी घरांतली मुले शिकायला कुष्ठरुग्णांच्या गावात येऊ लागली. २००८ मध्ये बाबा गेले, तेव्हा त्यांचा देह दहन न करता आनंदवनाच्याच मातीत पुरला.

यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो हलका नाही. वेगळे गाव कितीही सुंदर झाले तरी ज्या गावाने हाकलले ते सुटतेच, त्याला आपले दार उघडावे लागत नाही. आक्षेपाचा पहिला भाग मान्य करावा लागतो. पण हाकललेल्या माणसाला गावाची सुधारणा होईपर्यंत थांबायला सांगणे अन्यायाचे आहे, कारण त्याचे आयुष्य त्या वाट पाहण्यातच संपते. शिवाय महाविद्यालयाने येण्याजाण्याची दिशा बदलली, हे विसरता येत नाही. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आल्यावर विकृती येण्याआधीच माणूस घरच्या घरी बरा होऊ लागला. तरी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत कुष्ठाचे नवे रुग्ण अजून सापडतात. कुष्ठ हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद कायद्यातून २०१९ मध्ये निघाली.

गडचिरोलीत आणखी एक उत्तर मिळाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून तिथे काम करतात. मोठ्या इमारतीत रुग्ण एकटा पडतो आणि नातेवाइकांना जागा नसते, म्हणून आदिवासी दवाखान्याला बिचकत. बंग दांपत्याच्या शोधग्राममधला दवाखाना आदिवासींच्या सांगण्यावरून गोंड वस्तीसारखा बांधला गेला. सोबतच्या माणसांसाठी झोपड्या ठेवल्या आणि दवाखान्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. आजारी माणसाला त्याच्या माणसांपासून तोडू नये, ही मूळची तिथल्या लोकांचीच समज. मद्रासच्या प्रयोगाने तेच क्षयाच्या बाबतीत सिद्ध केले होते.

आज या पट्ट्यात क्षयरोगी घरीच राहतो. सहा महिने गोळ्या, देखरेखीला आशाताई, आणि २०१८ पासून पोषणासाठी महिना ५०० रुपये, जे नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, म्हणून गोळ्यांचा साठा आधी पोचवून ठेवावा लागतो. घरात रुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवण्याची पद्धत मात्र अनेक ठिकाणी टिकून आहे. क्षय श्वासावाटे पसरतो, ताटातून नव्हे, आणि योग्य औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच लागण होण्याचा धोका बराच कमी होतो. घरात हवा खेळती ठेवणे, खोकताना तोंड झाकणे, गोळी न चुकवणे आणि रुग्णाला पोटभर जेवू घालणे, एवढे घरच्यांच्या हातात आहे.