नाव बादशहाचे, मोल सोन्याचे



आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानाच्या जुन्या सोन्याच्या मोहरा पाहिल्या की नवल वाटते. निजामांचा कारभार १७२४ पासून स्वतंत्र होता. १८०३ साली दिल्लीही इंग्रजांच्या ताब्यात गेली. तरी १८५७ पर्यंत मोहरेवर नाव असे ते मोगल बादशहाचेच. शेवटचा बादशहा बहादूरशाह जफर इंग्रजांच्या पेन्शनीवर जगत होता. लाल किल्ल्याबाहेर त्याचा हुकूम चालत नव्हता. १८५८ साली त्याला रंगूनला पाठवले आणि नाण्यावरचे नाव बदलले.

नाव गेले म्हणून जुनी मोहर मातीमोल झाली नाही. तिच्यात सुमारे ११ ग्रॅम सोने होते, ते तसेच राहिले. सराफ कसोटीवर सोने घासतो, नाव घासत नाही. उलट ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आठवा. ५०० आणि १००० च्या नोटांचा कागद तोच होता, शाई तीच होती. पण एका घोषणेने त्यांचे चलन थांबले. म्हणजे मोल दोन प्रकारचे असते. एक कोणीतरी दिलेले, जे परतही घेता येते. दुसरे अंगचे.

माणसाचे मोल यांपैकी कोणते?

आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला टोळ्या जातात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ असतो, एकटा असेल तर ‘अर्धा कोयता’. त्यावर उचल ठरते. आजारपणात खाडा पडला तरी पैसे कापले जातात. व्यवहाराला हिशेब लागतो, हे आपण मान्य करू. पण वहीतला आकडा म्हणजेच माणूस, असे आपण समजू लागलो की माणसाची नोट होते. मग हात थकले की त्याचे चलन बंद! घरातल्या म्हाताऱ्यांकडेही आपण कधीकधी असेच पाहतो.

कराविषयी विचारणाऱ्यांना प्रभू येशूने नाणे दाखवायला सांगितले (मत्तय २२). त्यावर कैसराची प्रतिमा होती. पण ते नाणे धरणाऱ्या माणसावर प्रतिमा कोणाची? देवाची, असे उत्पत्तीचा पहिला अध्याय सांगतो. ती वरून मारलेला शिक्का नव्हे. ती सोन्यासारखी आतबाहेर एकच आहे. कोणत्याही वहीतून ती खोडता येत नाही.

टोळी गावी परतली की आपण पहिल्यांदा विचारतो, “उचल फिटली का?” त्याआधी “तब्येत कशी आहे?” असे विचारू या.