एकट्याची नाव आणि दहावा माणूस



ईलिंग म्हटले की आपल्या मंडळींना ब्रॉडवेवरची दुकाने आठवतात, साउथॉल म्हटले की ताजी कोथिंबीर. कालवा सहसा कुणाला आठवत नाही. तरी ग्रँड युनियन कालवा याच बरोमधून जातो. ब्रेंटफर्डला थेम्स नदी सोडल्यावर हॅनवेलपाशी तो लागोपाठ सहा लॉक चढतो. लॉक म्हणजे पाण्याचा जिना. दोन दरवाजांमध्ये नाव कोंडायची, पाणी भरायचे किंवा सोडायचे, म्हणजे नाव वरच्या अगर खालच्या पायरीवर जाते. या सहा पायऱ्यांत ती सुमारे ५३ फूट वर येते. जवळच विंडमिल लेनवर ब्रुनेलने बांधलेली, १८५९ साली पुरी झालेली जागा आहे. तेथे खाली आगगाडी, मध्ये कालवा आणि वर रस्ता असे तिन्ही मार्ग एकमेकांना ओलांडतात.

या कालव्यातून नॅरोबोट घेऊन येत्या उन्हाळ्यात एकट्यानेच उत्तरेकडे जावे, असा आमचा बेत आहे. लेखणीच्या सवयीने ‘आम्ही’ लिहीत असलो तरी नावेवर माणूस एकच. बेत ऐकून मुलीने विचारले, “पप्पा, एकटेच का?” आणि महिन्यातून एकदा प्रार्थनेला जमणाऱ्या आपल्या मंडळींतील एका वडीलधाऱ्यांनी विचारले, “मग दहावा कोण?” पहिल्या प्रश्नात काळजी आहे, दुसऱ्यात समाजाचा हक्क आहे. माणसाला एकट्याने जाण्याचा अधिकार कितपत आहे, असा या दोन्ही प्रश्नांचा मिळून अर्थ होतो.

मुलीचा प्रश्न आधी घेऊ. आपल्यापैकी पुष्कळांची उमेद मुंबईच्या चाळींत, माणसांच्या गर्दीत गेली. तेथे दार लावून बसणारा माणूस आजारी तरी असावा किंवा भांडलेला तरी, अशी समजूत होती. या देशात आल्यावर उलटे झाले. दारे बंदच असतात आणि एकटेपणा न मागता मिळतो. पण एकटेपणा वेगळा आणि एकांत वेगळा. एकटेपणा माणसावर येऊन पडतो, एकांत तो स्वतः मागून घेतो. नॅरोबोट जेमतेम सात फूट रुंद असते आणि ताशी चार मैलांहून जोरात हाकायची तिला परवानगी नाही. बाजूच्या वाटेने चालणारा मनुष्यही तिला मागे टाकतो. अशा गतीने काही दिवस जावे, सुकाणू धरून उभे राहावे आणि साठ-सत्तर वर्षांचा हिशेब मनाशी मांडावा, ही इच्छा आम्हांला चुकीची वाटत नाही.

मात्र मुलीची भीती खोटी नाही. मालवाहतुकीच्या काळात या नावांवर बहुधा सबंध कुटुंब राबत असे. बाई सुकाणूवर, पोरे लॉकच्या दरवाजावर. एकट्याला दोर धरून निसरड्या शिडीने वर चढावे लागते, दरवाजे उघडावे लागतात आणि नावही सांभाळावी लागते. लॉकमधून खाली उतरताना वरच्या दरवाजामागे पाण्याखाली दगडी उंबरठा असतो. नावेची मागची बाजू त्यावर अडकली, तर पाणी उतरता उतरता नाव पुढून बुडते. अशा वेळी जो संकटात आहे आणि ज्याने धावून जायचे, तो एकच माणूस असतो. पाणी चार-पाच फूट असले तरी थंड असते. तेव्हा लाइफ जॅकेट, धुराचा व विषारी वायूचा अलार्म आणि रोज संध्याकाळी एक फोन, ही आमच्या मते घरच्यांना द्यायची बाब आहे. कालव्यावरच्या पुलांना नंबर असतात. “आज अमुक नंबरच्या पुलापाशी बांधली” एवढे कळले तरी घरच्यांना झोप लागते. एकांत आपला असला तरी त्याची काळजी दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते, हे विसरून चालणार नाही.

हीच गोष्ट कालवाही शिकवतो. येथील लॉक १४ फूट रुंद आहेत, म्हणजे दोन नावा शेजारी शेजारी मावतात. एकदा लॉक भरायला दोन लाख लिटरहून अधिक पाणी लागते, मग आत नाव एक असो की दोन. म्हणून मागून दुसरी नाव येत असेल तर थांबावे, जोडीने चढावे, असा रिवाज आहे. तेव्हा एकट्याने निघालेल्यालाही प्रत्येक पायरीशी सोबतीची वाट पाहावी लागते.

आता दहाव्याचा प्रश्न. खरे पाहता दहा जणांत ठरावीक असा दहावा कुणीच नसतो, कोणीही उठून गेला तरी उरतात नऊच. मोठ्या समाजात एकाची गैरहजेरी कळतही नाही. आपल्यासारख्या मूठभर समाजात तीच प्रार्थना अडवते.

यावर कुणी म्हणेल की आपले पूर्वजही एकटेच नव्हते काय? परंपरेप्रमाणे नवगावच्या किनाऱ्याला फुटलेल्या जहाजातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. मिन्यान पुरा होत नव्हता. पुढे त्यांची संतती कुलाब्याच्या खेड्याखेड्यांत पांगली. दिवेकर, पेणकर, किहीमकर, रोहेकर या आडनावांतच ती गावे आहेत. काही गावांत घरे अगदी थोडी. तरी शेमा टिकली, सुंता टिकली आणि शनिवारी घाणा बंद राहिला, म्हणून तर लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. म्हणजे एकट्यानेही पुष्कळ राखता येते. पण त्यांनी एकटेपणा निवडला नव्हता. जमायची संधी मिळाली की ते जमत. ज्याच्याजवळ दहा जण आहेत त्याने पूर्वजांच्या सातांचा दाखला देऊ नये.

शास्त्रात एकट्याने निघालेले दोन नबी आपल्याला चांगले माहीत आहेत. योनाचे पुस्तक आपण किप्पूरच्या दुपारी ऐकतो. त्याने याफोला भाडे भरले आणि जहाजाच्या तळाशी जाऊन झोपला. सोपवलेले काम टाकून तो निघाला होता, दोष तेथे होता. दुसरा एलियाहू हन्नाबी, ज्याच्या नावाने आपण मलिदा करतो आणि ज्याच्या रथाच्या खुणा अलिबागजवळच्या खंडाळ्याला दाखवतात. तोही रानात एकटा गेला, चाळीस दिवस चालला, गुहेत राहिला. देवाने त्याला वाटेत भाकर आणि पाणी पुरवले. मात्र “मी एकटाच उरलो” असे तो म्हणाला, तेव्हा देवाने ते मान्य केले नाही. अजून सात हजार आहेत असे सांगून, कामे नेमून देऊन त्याला परत धाडले. आमच्या अल्पमतीला यातून असे दिसते की एकांताला जाण्याची मुभा आहे. पण मागे कोणते काम टाकले आणि परत केव्हा येणार, या दोन प्रश्नांची उत्तरे निघण्यापूर्वी तयार हवीत.

म्हणून आम्ही बेत पुन्हा मांडला. ब्रेंटफर्डपासून ब्राउन्स्टनपर्यंत सुमारे ९३ मैल आणि शंभरावर लॉक. मैल आणि लॉक यांची बेरीज करून तिनाने भागावे म्हणजे तास निघतात, असा नावाड्यांचा ठोकताळा आहे. तो धरला आणि रोज सहा तास चाललो, तर जाऊन-येऊन बावीस दिवस होतात. मध्ये तीन शब्बाथ येतात, त्या दिवशी इंजिन बंद. एका प्रार्थनासभेनंतरच्या रविवारी निघून पुढच्या सभेच्या आदल्या शुक्रवारी परतायचे, तर हातात सत्तावीसच दिवस. एखादा लॉक नादुरुस्त निघाला की हिशेब कोलमडला. तेव्हा ब्राउन्स्टनचा हट्ट सोडला. स्टोक ब्रुएर्नला, १८०५ साली खुल्या झालेल्या, पावणेतीन किलोमीटरहून लांब अशा ब्लिसवर्थ बोगद्याच्या तोंडाशी परत फिरायचे. त्यामुळे तीन-चार दिवस शिल्लक राहतात.

तरी एक प्रश्न उरतोच. मध्येच कुणाच्या घरी दुःखद प्रसंग ओढवला आणि काद्दीशसाठी दहा जण जमेनात, तर? वडीलधाऱ्यांना आम्ही असे सांगितले आहे की बर्कमस्टेड, लेटन बझर्ड, वुल्व्हर्टन येथपर्यंत आगगाडीचा मार्ग कालव्याला धरूनच जातो. फोन आला की नाव काठाला बांधायची आणि मिळेल ती गाडी पकडायची. त्यांनी मुलीकडून आमचा नंबर लिहून घेतला आहे.

वाचकांचे मत याहून वेगळे असेल तर जरूर कळवावे.