उत्तर न आलें तरी

प्रार्थनेविषयीं मंडळ्यांतून जे प्रश्न आम्हांस विचारण्यांत येतात, त्यांपैकीं एक फार जुना आहे, व प्रत्येक पिढींत तो नव्यानें उभा राहतो. आपण मागण्यापूर्वींच आपली गरज स्वर्गीय पित्यास ठाऊक असते, असें प्रभूनें शिकविलें. मग तेंच मागणें पुन्हां पुन्हां त्याच्यापुढें कां न्यावें? एकदां सांगून स्वस्थ बसणें हाच खरा विश्वास नव्हे काय?

हा प्रश्न केवळ वादाचा नाहीं. एका खेड्यांतील बंधूनें तो आम्हांस रडत विचारिला. त्याचें लेंकरूं आठ महिने अंथरुणास खिळलें होतें. दवाखाना झाला, औषधें झालीं, सांजसकाळ घरांत प्रार्थना झाली. शेवटीं लेंकरूं गेलें. ‘मी मागण्यांत कोठें कमी पडलों काय? आणखी आठ दिवस उपास केला असता, तर तें वांचलें असतें काय?’ असें तो म्हणाला. आम्ही त्या वेळीं त्याचा हात धरून गप्प बसलों. जें त्या दिवशीं बोलतां आलें नाहीं, तें आज येथें लिहूं पाहतों.

प्रथम शास्त्र काय सांगतें तें पाहूं. लूककृत शुभवर्तमानाच्या 11व्या अध्यायांत एक मनुष्य मध्यरात्रीं मित्राच्या दारीं जातो. घरीं अकस्मात् पाहुणा आला आहे व वाढावयास भाकर नाहीं. मित्र लेंकरांसह निजला आहे, दार लाविलेलें आहे. तरी हा हटत नाहीं, आणि शेवटीं भाकरी घेऊनच परततो. त्याच्या ह्या आग्रहास मूळ ग्रीक भाषेंत जो शब्द आहे, त्याचा सरळ अर्थ निर्लज्जपणा असा होतो. पुढें 18व्या अध्यायांत एक विधवा अन्यायी न्यायाधीशाकडे खेटे घालिते. जमिनीच्या एका कागदासाठीं ज्यांनीं तालुक्याच्या कचेरींत हेलपाटे घातले आहेत, त्यांस ही विधवा ओळखीची वाटेल.

परंतु ह्या दृष्टांतांचा अर्थ लावितांना एक चूक सहज होते. देव त्या निजलेल्या मित्रासारखा किंवा त्या कठोर न्यायाधीशासारखा आहे, असें प्रभु सांगत नाहीं. कंटाळलेला मित्रही उठतो. ज्यास ना देवाचें भय ना माणसांची लाज, तो न्यायाधीशही न्याय देतो. तर जो पिता आहे तो किती अधिक ऐकेल, असें तो म्हणतो. आपण दार ठोठावीत राहतों, कारण आंत कोण आहे हें आपणांस ठाऊक आहे.

येथें नवस व प्रार्थना ह्यांतील भेद ध्यानांत धरावा. नवस हा करार आहे: अमुक दे, म्हणजे तमुक देईन. मिळालें नाहीं तर करार मोडला, आणि माणूस दुसरें देवस्थान शोधूं लागतो. आम्ही ख्रिस्ती म्हणवितों, तरी ही संवय आमच्या मनांतून पुरती गेली आहे काय? इतके उपास, इतकीं जागरणें, असा हिशेब मांडून आम्हीही देवाकडे जणूं आपलें येणें मागूं लागतों. पुष्कळ बोलल्यानें आपलें ऐकलें जाईल, ही समजूत प्रभूनें खोडून काढिली. तरी त्याच प्रभूनें गेथशेमाने बागेंत तेंच मागणें तीन वेळां केलें. तेव्हां दोष पुन्हां मागण्यांत नाहीं, मोजून मागण्यांत आहे.

मग पुन्हां मागितल्यानें होतें काय? उत्तर आफ्रिकेंतील थागास्ते गांवची मोनिका हिचें उदाहरण घ्या. तिचा पुत्र आगस्तीन, जन्म इ. स. 354, हा तारुण्यांत विश्वासापासून दूर गेला. ती कैक वर्षें त्याच्यासाठीं रडून प्रार्थना करीत राहिली. इ. स. 383 मध्यें तो रोमास जावयास निघाला. त्याचें जाणें होऊं नये, असें तिनें कार्थेजच्या किनाऱ्याजवळील एका प्रार्थनास्थानीं रात्रभर देवाजवळ मागितलें. त्याच रात्रीं तो तिला फसवून गलबतांत बसून गेला. सकाळीं त्या मातेच्या शोकास सीमा राहिली नाहीं. पण रोमाहून पुढें तो मिलान शहरीं गेला; तेथें आंब्रोज नामक बिशपाचा उपदेश त्याच्या कानीं पडला, व इ. स. 387 च्या ईस्टर सणाच्या वेळीं त्याच्याच हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. त्या रात्रीचें मागणें देवानें नाकारिलें, तें आईचें मूळ मागणें पुरविण्यासाठीं, असें आगस्तीनानें पुढें स्वतः लिहून ठेविलें आहे.

मोनिका त्या सकाळीं शोक करून थांबली नाहीं; ती पुन्हां त्याच्यासाठीं प्रार्थना करूं लागली. ‘त्यास जाऊं देऊं नको’ हें मागणें गळून पडलें. ‘त्यास तुझा कर’ हें उरलें. सुपांत धान्य पाखडलें म्हणजे फोल उडून जातें व दाणा राहतो. पुन्हां पुन्हां केलेल्या प्रार्थनेंत आपल्या मागण्याचें असेंच होतें.

परंतु मोनिकेचा पुत्र परत आला. त्या बंधूचें लेंकरूं आलें नाहीं. त्यास आम्ही काय सांगावें? पौल प्रेषितानें आपल्या देहांतील कांटा निघावा म्हणून तीनदां विनंती केली. कांटा राहिला, आणि तो सोसण्यास कृपा मिळाली. प्रभूनें तीनदां मागितलें, तरी प्याला टळला नाहीं. पुत्राच्या विश्वासांत कांहीं उणें होतें, असें कोण म्हणेल? तर मग, बंधो, तुझें लेंकरूं तुझ्या प्रार्थनेच्या उणिवेमुळें गेलें नाहीं. तें कां गेलें, ह्याचें उत्तर आम्हांजवळ नाहीं, व तें असल्याचा बहाणा आम्ही करणार नाहीं. ज्यानें आपल्या पुत्राचें मरण पाहिलें, त्या पित्याच्या दारीं तूं उभा आहेस, एवढें मात्र आम्ही जाणतों.

उपदेशक बंधूंस आमची हात जोडून विनंती आहे कीं, शोकाच्या घरीं जाऊन विश्वास कमी पडला असें कोणासही म्हणूं नका. ज्याच्या तोंडून शब्द निघत नाहीं, त्याच्यासाठीं मंडळीनें मागावें. चिकाटी एकट्याची नसते. विधवेचा दृष्टांत संपवितांना, मनुष्याचा पुत्र येईल तेव्हां त्यास पृथ्वीवर विश्वास आढळेल काय, असें प्रभूनें विचारिलें. किती मागण्या पुरल्या, हें त्यानें विचारिलें नाहीं.

त्या बंधूनें अद्याप मोठ्यानें प्रार्थना केलेली नाहीं. तो रविवारीं येतो, मागें दाराजवळ बसतो, आणि मंडळी प्रभूची प्रार्थना म्हणूं लागली म्हणजे त्याचे ओंठ हलतात. तेंही दार ठोठावणेंच आहे, असें आम्ही मानितों.